मागच्या बाजूचं लाल नाव

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, सकाळ. जागा: जपानात, इचिकावाच्या पुढे, दफनभूमीच्या फाटकासमोरचं दगडांचं दुकान.

हजर: मी. माझी मुलगी, युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला. दुकानातला विक्रेता, सूट-टायमध्ये. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून माझे धाकटे दीर, अजून चहा न झालेले. गैरहजर: सासूबाई, कारण तिकडे नुकतंच उजाडलं होतं. आणि माझा नवरा, कारण दगड त्याचाच होता.

नवरा जानेवारीत गेला. ऑफिसला म्हणून निघाला, फुनाबोरी स्टेशनच्या जिन्यावर बसला आणि परत उठला नाही. त्यानंतर कामं पुष्कळ होती. मी ती एकेक करून उरकली. इथे दहनानंतर नुसती राख मिळत नाही, हाडं मिळतात, आणि ती घरच्या माणसांनी लांब काड्यांनी उचलून कलशात ठेवायची असतात. तेही आम्ही दोघींनी केलं. निम्म्या अस्थी दिरांनी नेऊन नाशिकला सोडल्या. निम्म्या लेकीने मागून घेतल्या. "मला जायला एक जागा हवी," एवढंच ती म्हणाली. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "राहू दे थोडा तिच्यापाशी." म्हणून ही जमीन घेतली, टेबलाएवढी, कोणत्याही धर्माच्या माणसाला चालणारी. वर्षश्राद्धाच्या आत दगड बसवायचा होता.

पुढच्या बाजूला काय कोरायचं, एवढंच ठरवायचं आहे असं मी धरून चालले होते. सगळ्यांकडून आधीच सूचना मागवल्या होत्या. कागद तयार होता.

"वहिनी, गीतेतला श्लोक घ्या," दीर म्हणाले. "पूर्ण. खाली अर्थ."

मी विक्रेत्याला भाषांतर करून सांगितलं. त्याने फोनवरची ओळ बघितली, ओठ हलवत अक्षरं मोजली आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "दगड किती उंच धरायचा?"

"काका, बाबाला एकही श्लोक पाठ नव्हता," लेक म्हणाली.

"म्हणून तर! आता तरी डोळ्यांसमोर राहील."

विक्रेत्याने नमुन्यांचा अल्बम काढला. एका दगडावर नुसतं 'धन्यवाद', एकावर 'वारा', एकावर कुणाची तरी गोल्फची काठी आणि चेंडू. लेक म्हणाली, बाबाचा लॅपटॉप कोरू या. "चार्जरही कोरा," दीर म्हणाले, "तो नेहमी विसरायचा." आम्ही हसलो. विक्रेताही हसला, कशाला ते न कळता. जानेवारीनंतर आम्ही दोघी एकाच वेळी हसलो असं बहुधा तेव्हाच झालं. मग त्याने टॅबलेटवर दगडाचं चित्र बोटाने फिरवलं आणि मागची बाजू समोर आणली.

"इथे दगड उभारणाऱ्याचं नाव येतं. कुणाचं घालू?"

"माझं," लेक लगेच म्हणाली आणि नाव सांगूनही टाकलं.

त्याने टाईप केलं. राखाडी दगडाच्या चित्रावर माझ्या मुलीचं नाव उमटलं, जपानी अक्षरांत, लालभडक.

"लाल का?" मी विचारलं.

"हयात व्यक्तीचं नाव लाल रंगाने भरतात," तो म्हणाला. "शुभ मानतात. आयुष्य वाढतं म्हणतात." आणि मी अजून बघतेच आहे असं पाहून त्याने पुढचंही सांगितलं. "नंतर कधीतरी, खूप खूप वर्षांनी, आम्ही येऊन रंग काढून टाकतो." हे सांगताना त्याचं बोट काचेवरून फिरलं, नावावरून, पुसल्यासारखं.

कागदावरची पुढची ओळ मला वाचता येईना.

मी म्हटलं, "माझं नाव घाला. तिचं नको."

तो म्हणाला, तसंही चालेल. पण दफनभूमीचं ऑफिस विचारतं, की पुढे या जागेकडे कोण बघणार. कुणीच नसेल तर काही वर्षांनी दगड काढतात आणि अस्थी सगळ्यांच्या एकत्र जागेत ठेवतात. हे वाक्य त्याने फार हळू आवाजात म्हटलं आणि लगेच चहा ओतायला उठला. दीर विचारत होते, "काय झालं? आवाज जातोय का?" मी त्यांना म्हटलं, नंतर फोन करते.

परतीच्या बसमध्ये लेक माझ्या पुढच्या सीटवर बसली. चिडली की ती जपानीत बोलते, आणि पाठ फिरवून बोलते.

"नाव माझं का नको?"

"लहान आहेस."

"लहान असते तर दुकानात मलाच कशाला भाषांतर करायला लावलंस, तुला अडलं तेव्हा?"

"दगडावर जिवंत माणसाचं नाव घालत नाहीत आपल्यात."

"आपल्यात दगडच नसतो, आई." हे मात्र मराठीत. मग ती वळली. "तू कधी ना कधी पुण्याला जाशील. तू स्वतःच म्हणतेस. मी इथेच आहे. दगड मीच धुणार, फुलं मीच बदलणार. मग नाव माझंच."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तू? तू तेव्हाचं तेव्हा बघणार?"

शेजारच्या आजोबांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मी शुभ-अशुभ मानणारी बाई नाही. ग्रहणात जेवते, शनिवारी नखं कापते, तेराव्या मजल्यावरचं घर स्वस्त मिळत होतं तेव्हा मी नवऱ्याशी भांडले होते की घेऊन टाक. त्यामुळे या भीतीचं काय करायचं ते मला कळेना. ती कुठल्या रकान्यात घालायची ते ठरेना. कुणाशी बोलावं तर समोरच्याने हसून सोडून दिलं असतं, आणि हसला नसता तर ते आणखी वाईट झालं असतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच यायचं. बाकी सगळं कोरून तयार आहे, नाव तयार आहे, फक्त रंग पुसायचा बाकी आहे. एक माणूस सकाळी काहीही न होता घरातून निघाला आणि अर्ध्या तासात संपला, हे मी बघितलं होतं. पुसायला किती वेळ लागतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आठवड्याने नमुने टपालाने आले. तीन कागद: पुढची बाजू, कडेची बाजू, मागची बाजू. तपासून प्रत्येकावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि परत पाठवायचे. कडेच्या बाजूला नवऱ्याचं नाव, जन्म, मृत्यू. मी सगळे आकडे पासपोर्टशी ताडून शिक्का मारला. पुढची बाजू कोरी होती. मागच्या कागदावर, दुकानात आधी टाईप केलं होतं तसंच, लेकीचं नाव छापलेलं होतं, खरंच लाल शाईत. तो कागद मी उलटा करून फ्रिजवर चुंबकाखाली लावला. मग वाटलं, उलटा नको. मग वाटलं, सुलटाही नको. शेवटी ताटाळ्यामागे ठेवला.

त्या दिवसापासून मी तिच्या मागे लागले. सायकलवर हेल्मेट घाल. पुलावरून नको, खालून जा. गीझर मी बंद करते, तू हात लावू नकोस. पोचलीस की कळव. बेकरीतल्या बाइतोला, त्या पार्टटाइम नोकरीवर, गेलीस की कळव, सुटलीस की कळव. एका संध्याकाळी ती कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, दूध आणायला गेली आणि माझा फोन वाजत राहिला. 'कोम्बिनीत पोचले.' 'दुधाच्या फ्रिजसमोर उभी आहे.' 'फ्रिज उघडला. अजून जिवंत.' 'रांगेत चौथी.' मी चिडून उत्तर लिहिलं, 'चेष्टा पुरे.' त्यावर आलं, 'पैसे दिले. पिशवी घेतली नाही, पर्यावरण.'

तिला वाटत होतं की हे बाबामुळे. ते होतंही. पण ताटाळ्यामागच्या कागदाचं मी तिला सांगितलं नव्हतं.

मग तो बुधवार, मी रजा घेऊन घरी होते. दुपारी साडेतीनला ती युनिव्हर्सिटीतून सुटते, साडेचारला घरी असते. साडेचार वाजून गेले. मेसेज गेला, वाचलेला दिसेना. फोन लावला, बंद. मी इस्त्री करायला घेतली. एक शर्ट झाला. सहज म्हणून फोनवर ट्रेनची माहिती उघडली, तर तिची लाइन थांबलेली. कारण लिहिलं होतं, माणसाला अपघात, म्हणजे कुणीतरी ट्रेनखाली. इथे राहणाऱ्याला हे दोन शब्द रोजचे आहेत. आपण घड्याळ बघतो, सुस्कारा टाकतो, दुसरी लाइन शोधतो. मीही आजवर तेच करत आले होते.

त्या दिवशी मला त्यात फक्त 'माणसाला' एवढंच दिसलं.

इस्त्री बंद केली हे मला नक्की आठवतं, कारण मी परत वर जाऊन बघून आले. बाकी काही आठवत नाही. एकदम फुनाबोरी स्टेशनवरच आहे, गेटसमोर, पाटीकडे मान वर करून. पाटीवर तीच ओळ पुन्हा पुन्हा सरकत होती. माणसं गर्दीने पण शांतपणे उभी. स्टेशनवरचा पोरगेला कर्मचारी कर्ण्यातून माफी मागत होता. मी त्याच्याजवळ गेले. विचारायचं होतं, बाई की पुरुष. साधं वाक्य. मला जपानी येतं, रोज ऑफिसात बोलते, पण तोंड उघडलं आणि मराठीच बाहेर आलं, "मुलगी होती का हो?" तो घाबरून वाकला आणि म्हणाला, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मी खांबाला टेकून उभी राहिले. पाठीमागे तोच जिना होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मनात हिशोब चालू होता, आणि तो भीतीचाही नव्हता, कामाचा होता. कुणाला कळवायचं, कोणत्या क्रमाने, पासपोर्ट कुठे आहे, कलश किती दिवसांत मिळतो. मला सगळं माहीत होतं, पहिल्या वेळी शिकले होते. आणि दगड तर तयारच होता. हे मनात आलं तेव्हा मी तोंडावर हात दाबून धरला, कारण आवाज फुटला असता.

"आई?"

ती मागून आली, बसस्टॉपच्या बाजूने. हातात अर्धा खाल्लेला भाताचा गोळा. फोनची बॅटरी संपली होती, ट्रेन बंद म्हणून ती उरायासूकडून फिरून बसने आली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि जपानीत म्हणाली, "घरातल्या सपाता घालून आलीस. लोक बघतायत."

मी खाली बघितलं. खरंच होत्या. एकीवर फुलं, एकीवर नाही.

मी तिचा दंड धरला तो घरापर्यंत सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही, जे तिच्या स्वभावात बसत नाही. घरी येऊन मी ताटाळ्यामागून कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. "हे मला होत नाही," म्हटलं. "मला सांगता येत नाही का, पण हे नाव तिथे मला बघवत नाही."

तिने कागद स्वतःकडे वळवला.

"नाव नसलं तर मी मरणार नाही का?"

"असं बोलू नकोस."

"बरं. नाही बोलत." तिने उरलेला भात तोंडात टाकला. मग इंग्रजीत, मग मराठीत, तुकड्यातुकड्यांनी म्हणाली, "त्या दफनभूमीत मी सगळे दगड मागून बघितले. सगळ्यांच्या मागे कुणीतरी आहे. बाबाच्या मागे कुणी नसेल तर लोकांना वाटेल, हा परदेशी माणूस आला आणि एकटाच मेला. आणि तू गेलीस की मीही तशीच. तुला माझ्यासाठी ट्रेनची भीती वाटते. मला तुझ्यासाठी वाटते. रोज वाटते. मी मेसेज करत नाही एवढंच."

मी भात लावला.

पण शिक्का काही मारवेना. मग मी, जे काम माझ्याकडून नीट होत नाही ते योग्य माणसाकडे सोपवते, तसं हे सासूबाईंकडे सोपवायचं ठरवलं. खरं सांगायचं तर माझी खात्री होती की त्या नाही म्हणतील. ऐंशी ओलांडलेली बाई, दिवेलागणीला कुणी 'मरू दे' म्हटलं तरी रागावणारी. आजी नाही म्हणाली की लेक ऐकेल, आणि मी वाईट ठरणार नाही. रविवारी दुपारी, म्हणजे त्यांच्या नाश्त्यानंतर, फोन लावला. दिरांनी फोन पाणी पिण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. सासूबाईंची हनुवटी आणि छताचा पंखा एवढंच दिसत होतं.

"आई, दगडाच्या मागे हिचं नाव घालायचं म्हणते ही," मी सुरुवात केली. "लाल रंगात. जिवंत माणसाचं लाल असतं इथे. नंतर रंग काढतात."

"नंतर म्हणजे?"

लेक म्हणाली, "मी मेल्यावर, आजी."

मी डोळे मिटले. तिकडे पंखा फिरत होता. दिरांनी "अगं ए" म्हटलेलं ऐकू आलं.

"एकटीचंच नाव?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"किती नावं मावतात?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. "तीन मावतील," ती म्हणाली. "चार पण."

"मग माझं घाला वर. सगळ्यांत वर. त्याच्या खाली तुझ्या आईचं. तुझं शेवटी." हनुवटी पुढे आली, मग एक डोळा दिसला. "रांग असू दे नीट. माझा लेक मधे घुसून पुढे गेला. त्याला कुणी अडवलं नाही. आता यापुढे कुणी रांग मोडायची नाही, सांगून ठेवते."

"आई, तुमचं नाव कशाला," मी म्हटलं.

"का गं? मी जिवंत नाही का? लाल रंग संपला का तिकडचा?"

दीर हसले आणि लगेच थांबले. सासूबाई रडत नव्हत्या. आवाज मात्र भाजी घेताना भाव करावा तसा घट्ट होता, आणि मला एकाएकी कळलं की याही घाबरल्यात. माझ्याआधीपासून, माझ्यापेक्षा जास्त, आणि हे रांगेचं त्यांनी आत्ता सुचून सांगितलेलं नाही.

"आणि पुढे काय लिहिताय?" त्यांनी विचारलं.

"ठरत नाहीये. भाऊजी श्लोक म्हणतात."

"श्लोक कशाला? त्याला म्हणावं, आमची वाट बघू नकोस. घाई करू नकोस कुणाला बोलवायची. नाहीतर त्याच्याच तोंडी घाला. पाहुणा निघायचा असला की फोनवर म्हणतो ना आपण, सावकाश या. जेवण झाकून ठेवलंय, सावकाश या. तेच लिहा."

"दगडावर, आई? सावकाश या?"

"दगडावर नाही तर कशावर लिहिणार, पाटावर?"

लेक हसायला लागली आणि हसता हसता उठून बाथरूममध्ये गेली. पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता.

विक्रेत्याला मी सोमवारी मेल केला. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. त्याचं उत्तर नेहमीपेक्षा लहान आलं: खूप चांगलं आहे, देवनागरी अक्षरांची फाईल पाठवा. तीन नावांना त्याची काही हरकत नव्हती. पहिल्या बाई इथे येणार का, एवढं त्याने विचारलं. मी लिहिलं, नाही, त्यांना फक्त पहिला नंबर हवा आहे.

नवे नमुने आले. पुढच्या बाजूला 'सावकाश या', दोनच शब्द, मोकळ्या जागेत. ते बघून मला बरं वाटलं, त्यावर मी उभ्याउभ्याच शिक्का मारला. मागच्या कागदावर तीन लाल नावं एकाखाली एक. माझं मधलं. स्वतःच्या नावाचं मला काहीच वाटलं नाही, वीजबिलावर असतं तसंच ते दिसलं. तळाच्या ओळीवर मात्र मी अजूनही पाणी प्यायचा कप ठेवते आणि वरच्या दोन ओळी वाचते.

शुक्रवारपर्यंत कागद दुकानात पोचला पाहिजे, नाहीतर दगड वर्षश्राद्धाला बसणार नाही. लिफाफ्यावर पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे, बाकीचे दोन कागद आत आहेत. मागच्यावर शिक्का मारायचा तो लेक घरात, डोळ्यांसमोर असताना मारायचा, असं मी ठरवलं आहे. काल ती घरात होती, पण आंघोळीला गेली होती. आज तिचा बेकरीचा दिवस आहे, सुटल्याचा मेसेज आला आहे. शिक्का टेबलावर काढून ठेवला आहे. मारायचा राहिला आहे.